रानात सापडलेली अनोळखी अळी कशी ओळखावी?

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन आठवडे सरले आणि झाडाझुडपांना कोवळी पालवी फुटली, की सह्याद्रीतल्या पायवाटांवर, गावच्या कुंपणांवर आणि शहरातल्या कुंड्यांतही अळ्या दिसू लागतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘ही कसली अळी?’ असा असतो आणि पहिली कृती फोटो काढून तो कोणाला तरी पाठवण्याची असते. त्या फोटोत हिरव्या पानावर एक हिरवी अळी एवढेच दिसते आणि झाड कोणते होते असे विचारले, तर ‘कुठले तरी झुडूप होते’ असे उत्तर येते. अशा फोटोवरून जाणकारालाही फार तर कूळ सांगता येते. याउलट झाडाचे नाव माहीत असेल, तर अंगावरची नक्षी धड न दिसणाऱ्या अळीचा शोधही पुष्कळदा दोन-तीन शक्यतांवर येऊन ठेपतो. म्हणून येथे सांगितलेला क्रम नेहमीच्या सवयीच्या उलटा आहे: आधी झाड, मग पाय, मग अंगाची ठेवण आणि रंग सर्वात शेवटी.

झाडाची ओळख

फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या बहुतेक माद्या अंडी कोठेही घालत नाहीत. ठरावीक वनस्पतींच्या पानांतली रसायनेच त्यांच्या पिलांना पचतात, त्यामुळे अळीची खाद्यवनस्पती ही तिच्या ओळखीची सर्वात भक्कम खूण ठरते. रुईच्या पानावर काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची, अंगावर मऊ शिंगांसारख्या काळ्या तंतूंच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली, तर ती प्लेन टायगर या फुलपाखराची असण्याची शक्यता फार मोठी आहे. कण्हेरीवर तशाच धर्तीची, परंतु तंतूंच्या चार जोड्या असलेली अळी असेल, तर ती कॉमन क्रो या फुलपाखराची समजावी. पानफुटीच्या जाड पानाच्या आत शिरून गर पोखरणारी छोटी अळी रेड पिएरोची असते. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, वायवर्णावर ग्रेट ऑरेंज टिप, बोरीवर कॉमन पिएरो, करंजावर कॉमन बँडेड ऑल, सीताफळावर आणि रस्त्याकडेच्या खोट्या अशोकावर टेल्ड जे, हळदीवर आणि सोनटक्क्यावर पान गुंडाळून राहणारी ग्रास डेमन, अशी ही यादी पुष्कळ लांबवता येईल. ती पाठ करण्याची गरज नाही. आपल्या परिसरातल्या वीस-पंचवीस झाडांची नावे अचूक येणे हे शंभर अळ्यांची चित्रे पाठ असण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

पश्चिम घाटातल्या खाद्यवनस्पतींविषयी आज जे आपल्याला सहज वाचायला मिळते, त्याचा बराचसा पाया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारवारला घातला गेला. त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या उत्तर कानडा जिल्ह्यात नोकरीनिमित्त राहिलेल्या डेव्हिडसन, बेल आणि एटकेन या तिघांनी फुलपाखरे जाळीत पकडण्यावर समाधान न मानता अंडी आणि अळ्या घरी आणून वाढवल्या, कोणती अळी काय खाते हे नोंदवले आणि ते 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात छापले. बेल हे वनखात्यातले अधिकारी होते आणि झाडे ओळखण्यात तयार होते, हे त्यांच्या कामाच्या दर्जाचे मोठे कारण असावे असे मला वाटते.

झाड ओळखताना एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. अळी झाडावर आहे याचा अर्थ ती ते झाड खाते आहे असा होत नाही. कोशात जाण्यापूर्वी पुष्कळ अळ्या खाणे थांबवून भटकू लागतात आणि भिंतीवर, गवतावर, भलत्याच झुडपावर आढळतात. म्हणून अळीच्या आसपास ताजी कुरतडलेली पाने आहेत का आणि खालच्या पानांवर तिच्या लेंड्या पडल्या आहेत का, हे पाहावे. पान कसे खाल्ले आहे, यातही माहिती असते. कडेने चंद्रकोरीसारखे कापलेले पान, मधोमध भोके पडलेले पान, शिरांची जाळी शिल्लक ठेवून खरवडलेले पान आणि पृष्ठभागाखाली नागमोडी रेषा उमटलेले पान ही चार वेगळ्या सवयींच्या अळ्यांची कामे आहेत. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सागाची जंगले लांबून करपल्यासारखी दिसतात, तेव्हा जवळ जाऊन पान पाहिल्यास त्याची नुसती जाळी उरलेली आढळते. हे काम एका लहान पतंगाच्या अळीचे असते. सागाची कोवळी पाने शिरांसकट फस्त करणारी अळी निराळ्या पतंगाची आहे. कळंबावर एखाद्या पानाचे टोक खाऊन मधली शीर तेवढी काडीसारखी राखलेली दिसली आणि त्या काडीवर लेंड्यांचे मणी चिकटवलेले आढळले, तर तेथेच कोठेतरी कमांडर या फुलपाखराची लहान अळी बसलेली असते.

पाय मोजणे

दुसरा प्रश्न असा, की ही खरोखरच फुलपाखराची किंवा पतंगाची अळी आहे का? त्यासाठी पाय मोजावे लागतात आणि येथे दहापट मोठे दाखवणारे साधे घडीचे भिंग फार कामाला येते. अळीच्या डोक्यामागे छातीची तीन वलये असतात आणि प्रत्येकावर टोकदार, सांधे असलेल्या खऱ्या पायांची एक जोडी असते. त्यामागे पोटाची दहा वलये असतात. पोटाच्या पहिल्या दोन वलयांवर पाय नसतात. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत मांसल, बुटक्या पोटपायांच्या चार जोड्या असतात आणि शेवटच्या वलयावर पाचवी जोडी असते. भिंगातून पाहिले तर या पोटपायांच्या तळव्याला बारीक आकड्यांची रांग किंवा वर्तुळ दिसते. अळी काडीवरून ओढून काढताना जी चिकाटी जाणवते, ती या आकड्यांची असते, आणि म्हणूनच अळी कधीही ओढून काढू नये. पान किंवा काडी तशीच तोडून घ्यावी.

मोहरीच्या आणि मुळ्याच्या पानांवर गडद रंगाची, हुबेहूब अळीसारखी दिसणारी, धक्का लागताच वेटोळे करून खाली पडणारी एक कीड आढळते. तिचे पाय मोजले, तर पोटपायांच्या पाचांहून अधिक जोड्या भरतात आणि पोटाच्या दुसऱ्याच वलयापासून त्यांना सुरुवात झालेली दिसते. ही सॉफ्लाय, म्हणजे गांधीलमाशीच्या गणातल्या एका माशीची अळी आहे. तिच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूला एकच ठसठशीत डोळा असतो. फुलपाखराच्या किंवा पतंगाच्या अळीला तेथे सहसा सहा बारीक ठिपक्यांसारखे डोळे असतात. पोटपाय मुळीच नसतील आणि छातीचे तीन जोड पाय तेवढे असतील, तर बहुधा तो भुंगेऱ्याचा किडा असतो. माव्याच्या गर्दीत फिरणारी बिनपायाची अळी एखाद्या माशीची निघते.

पोटपायांच्या जोड्या पाचांहून कमी असल्या, तर गोंधळून जाण्याचे कारण नाही, कारण तीच मोठी खूण असते. मागच्या बाजूला फक्त दोन जोड्या असतील आणि अळी शरीराची कमान करून वीत मोजल्याप्रमाणे चालत असेल, तर ती जिओमेट्रिडी कुळातल्या पतंगाची आहे. ही मंडळी धोका जाणवताच काडीसारखी ताठ उभी राहतात. तीन किंवा चार जोड्या असून चाल अर्धवट कमानीची असेल, तर ती शेतकऱ्यांच्या ओळखीची उंटअळी; सोयाबीनवरची हिरवी उंटअळी याच प्रकारात मोडते. पोटाखाली पाय दिसतच नाहीत आणि अळी गोगलगायीसारखी सरकते आहे असे वाटले, तर हात मागे घ्यावा. त्याचे कारण पुढे येते.

अंगाची ठेवण

पाय मोजून झाल्यावर अंगावर काय आहे ते पाहावे. शेवटाकडे पाठीवर एकच शिंग असेल, तर ती बहुतेक करून स्फिंजिडी कुळातल्या, म्हणजे हॉकमॉथ म्हटल्या जाणाऱ्या पतंगाची अळी असते. हे शिंग नुसते दिखाऊ आहे, ते टोचत नाही. कण्हेर, तगर किंवा सदाफुलीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी आढळली आणि डिवचल्यावर तिच्या छातीवर निळे-पांढरे डोळ्यांसारखे दोन ठिपके उघडले, तर ती ओलिअँडर हॉकमॉथची आहे याविषयी फारशी शंका उरत नाही.

डोक्यामागच्या फटीतून तांबूस रंगाची, दोन फाटे असलेली, ओलसर ग्रंथी बाहेर आली आणि उग्र वास सुटला, तर ती पॅपिलिओनिडी, म्हणजे स्वॅलोटेल फुलपाखरांच्या कुळातली अळी होय. कढीपत्त्यावरची किंवा लिंबावरची अळी काडीने अलगद छेडल्यास हा प्रकार कोणालाही पाहता येईल. डोके मोठे आणि त्यामागे मान बारीक, शिवाय पान गुंडाळून किंवा शिवून आत राहण्याची सवय, असे असेल तर ती हेस्पेरिडी, म्हणजे स्किपर फुलपाखरांच्या कुळातली. भातावर किंवा गवतावर हिरवी, शेपटीला दोन टोके आणि डोक्यावर दोन शिंगे असलेली अळी दिसली, तर कॉमन इव्हनिंग ब्राऊनचा विचार करावा. चपटी, बुटकी, डोके अंगाखाली लपवलेली आणि भोवती मुंग्या फिरत असलेली अळी लायकेनिडी या फुलपाखरांच्या कुळातली असते. मुंग्या तिला खात नाहीत, तिच्या पाठीवरच्या ग्रंथीतून पाझरणारा गोड रस पितात आणि त्या बदल्यात तिची राखण होते. याच कुळातली एपफ्लाय या फुलपाखराची अळी मात्र पानच खात नाही, ती पिठ्या ढेकणांवर जगते. झाड आधी पाहण्याच्या नियमाला असे अपवाद आहेत.

आंब्याच्या कलमावर कॉमन बॅरनची अळी एकदा तरी अवश्य शोधावी. ती हिरवी, चपटी असते, दोन्ही बाजूंनी तिला पिसांसारखे लांब काटे फुटलेले असतात आणि पाठीवरून एक फिकट पिवळी रेघ गेलेली असते. ती पानाच्या मधल्या शिरेवर लांबीला लांबी लावून बसते, त्यामुळे पाठीवरची रेघ ही शीर होते आणि काटे पानाच्या उपशिरा होतात. पान हातात घेऊन उलटसुलट केले तरी ती नजरेतून सुटते. अशी अळी सापडण्यासाठी रंग शोधून उपयोग होत नाही. कडेचे काटे पानावर टाकतात ती पुसट सावली शोधावी लागते.

केस आणि काटे

मराठीत ज्याला आपण सुरवंट म्हणतो त्या केसाळ अळ्यांना आणि सर्व काटेरी अळ्यांना, ओळख पटेपर्यंत, उघड्या हाताने स्पर्श करू नये. फुलपाखरांच्या पुष्कळ काटेरी अळ्या निरुपद्रवी असतात. कृष्णकमळावरची टॉनी कोस्टर ही त्यातलीच. परंतु कोकणात नारळावर आणि आंब्यावर आढळणारी, पोपटी रंगाची, पाठीवर निळसर पट्टा आणि दोन्ही बाजूंना काटेरी गुच्छ असलेली, पोटपाय नसलेली स्लग अळी चांगलीच दंश करते. शेवग्याच्या खोडावर दिवसा थव्याने चिकटून बसणारे सुरवंटही अंगाला लागल्यास खाज आणि पुरळ उठवतात. केस टोचलेच तर ती जागा चोळू नये. चिकटपट्टी लावून अलगद उचलावी म्हणजे केस निघून येतात, मग साबण-पाण्याने धुवून थंड पट्टी ठेवावी. केस डोळ्यात गेले, श्वास लागला किंवा सूज पसरत गेली, तर डॉक्टरांकडे जाण्यात वेळ दवडू नये.

केसाळ अळीत ओळखीसाठी केसांची लांबी कमी महत्त्वाची आणि मांडणी अधिक महत्त्वाची असते. केस अंगभर सारखे आहेत, की वलयावलयावरच्या गाठींतून झुबक्याने निघाले आहेत, पाठीवर ब्रशसारखे कापलेले चार-पाच गुच्छ आहेत का आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या लांब कुंचल्या आहेत का, हे टिपून ठेवावे.

रंगाविषयी

रंगावर भिस्त ठेवू नये, कारण अळी वाढते तशी साधारणपणे पाच अवस्थांतून जाते आणि प्रत्येक कात टाकल्यावर तिचे रूप पालटू शकते. लिंबू कुळातल्या झाडांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-तपकिरी-पांढरी अळी दिसते, तीच शेवटच्या अवस्थेत हिरवीगार होते. त्या लहान वयात लिंबाचे फुलपाखरू, कॉमन मॉरमॉन आणि 2015 साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, या तिघांच्या अळ्या नवख्याला सारख्याच वाटतात. तेथे नाव घाईने न ठरवता अळी मोठी होईपर्यंत थांबणे शहाणपणाचे असते. ओलिअँडर हॉकमॉथची हिरवी अळी कोशात जाण्याआधी तपकिरी होते. हरभऱ्यावरची घाटे अळी तर हिरवी, तपकिरी, पिवळसर, गुलाबी अशा किती तरी छटांत आढळते. शेतकऱ्यांना मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी ओळखायला शिकवताना रंग न सांगता डोक्यावरची उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीजवळच्या वलयावर चौकोनात मांडलेले चार गडद ठिपके सांगतात, ते यामुळेच. ही अळी भारतात 2018 साली कर्नाटकात प्रथम नोंदवली गेली आणि त्यानंतर अल्पावधीत महाराष्ट्रातल्या मक्यावर पोहोचली.

फोटो आणि टिपण

एकाच कोनातले दहा फोटो निरुपयोगी ठरतात. पाठीचा एक, बाजूने सर्व पाय दिसतील असा एक, डोक्याचा समोरून एक, शेपटीकडचा एक, खाल्लेल्या पानाचा एक आणि झाडाचे फूल, फळ किंवा निदान फांदीवरची पानांची मांडणी दिसेल असा एक, एवढे पुरेसे होतात. मापासाठी शेजारी पट्टी धरावी. बाजूचा फोटो बहुतेक जण टाळतात आणि नेमका तोच सर्वात मोलाचा असतो, कारण पाय, श्वसनरंध्रे आणि कडेचे पट्टे त्यातच दिसतात. फ्लॅशमुळे ओलसर अंग चमकून नक्षी पुसली जाते. त्याऐवजी ढगाळ उजेडात किंवा पांढऱ्या कागदाची सावली धरून फोटो घ्यावा. रात्री अतिनील प्रकाशाची बॅटरी फिरवल्यास पुष्कळ अळ्या पानांच्या गर्दीत उजळून दिसतात. पतंगांच्या अळ्या शोधायला ही युक्ती उत्तम आहे.

फोटोसोबत तारीख, ठिकाण, अंदाजे उंची, झाडाचे नाव, अळी एकटी होती की घोळक्यात आणि ती पानाच्या वर होती की खाली, हे तेथल्या तेथे लिहून ठेवावे. मोबाइलवरचे ओळख सांगणारे ॲप पहिली दिशा दाखवायला चालते, पण ते मुख्यतः चित्रातल्या साम्यावर चालते आणि झाड विचारात घेतेच असे नाही. परदेशातल्या जातीचे नाव त्याने पुढे केले, तर ती जात आपल्याकडे आढळते का आणि आपल्या झाडावर जगते का, हे पडताळावे. आयनॅचरलिस्ट, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल, बटरफ्लाईज ऑफ इंडिया आणि मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळांवर भारतातल्या जातींची छायाचित्रे तुलनेसाठी मिळतात. पतंगांच्या बाबतीत कुळापर्यंत ओळख लागली तरी ती नोंद करण्याजोगी असते; जातीचे नाव मिळालेच पाहिजे या हट्टापायी चुकीचे नाव चिकटवणे हे नाव न देण्याहून वाईट आहे.

वाढवून पाहणे

खात्रीचे उत्तर हवे असेल, तर अळी वाढवून तिच्यातून काय बाहेर येते हे पाहण्याला पर्याय नाही. अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलू नये आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काही फुलपाखरांच्या जातींना संरक्षण दिले आहे हेही ध्यानात ठेवावे. त्यामुळे हा प्रयोग आपल्या परसातल्या, कुंडीतल्या किंवा शेतातल्या नेहमीच्या अळ्यांवर करणे उचित.

बरणीच्या तोंडाला मलमलीचे कापड बांधावे आणि तळाला कागद घालावा. पाने त्याच झाडाची आणि रोज ताजी द्यावीत, कीटकनाशक मारलेल्या झाडाची देऊ नयेत. फांदी पाण्याच्या बाटलीत खोचणार असाल, तर तिचे तोंड कापसाने बंद करावे, नाही तर अळी उतरून बुडते. लेंड्या रोज काढाव्यात, कारण बरणीत अळ्या दगावतात त्या बहुतांशी दमटपणा आणि बुरशीमुळे, उपासमारीने क्वचितच. अळीने खाणे थांबवले, ती मलूल झाली आणि तिचा रंग पालटला, तर ती मेली असे समजून फेकू नये; ती बहुधा कात टाकण्याच्या किंवा कोशात जाण्याच्या तयारीत असते आणि अशा वेळी तिला हलवू नये. हॉकमॉथच्या बऱ्याच अळ्या जमिनीत किंवा पाचोळ्यात कोश करतात, म्हणून शिंग असलेली अळी भटकू लागली की बरणीत चार बोटे भुसभुशीत ओलसर माती आणि थोडा पाचोळा घालावा. फुलपाखरांसाठी एखादी खडबडीत काडी तिरकी ठेवली म्हणजे पुरते. कोशातून निघाल्यावर पंख लोंबकळत वाळवायला त्यांना मोकळी जागा लागते.

कधी अळीच्या अंगावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे कोश दिसू लागतात, किंवा कोशातून फुलपाखराऐवजी केसाळ माशी निघते. ही परोपजीवी गांधीलमाशीची किंवा माशीची करामत असते आणि ती प्रयोग फसल्याची खूण मानू नये. त्या माशा छोट्या डबीत ठेवून अळीचे व झाडाचे नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत टाकावी, कारण कोणती माशी कोणत्या अळीवर वाढते याच्या विश्वसनीय नोंदी थोड्या आहेत आणि त्या कीटकशास्त्राच्या विभागांना हव्या असतात.

पावसाळ्यात फुलपाखराचा कोश साधारण एक-दोन आठवड्यांत फुटतो. पतंगांचे तसे नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात मातीत गेलेले काही कोश पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसापर्यंत तसेच राहतात. म्हणून दिवाळी उलटली तरी बरणी रिकामी करू नये. माती पार वाळू देऊ नये, चिखलही होऊ देऊ नये, आणि कोश उचलून पाहिल्यास वजनदार लागतो व पोटाचा भाग किंचित हलतो तोवर तो जिवंत आहे असे धरावे. पतंग बाहेर आला की पंख पूर्ण वाळल्यावर त्याचे पाठीचे आणि पंखांच्या खालच्या बाजूचे फोटो घ्यावेत, सुटलेली कात आणि रिकामा कोश तारखेसह पाकिटात ठेवावा, आणि अळी जेथे मिळाली त्याच झाडाजवळ त्याला संध्याकाळी सोडावे. फुलपाखरू असेल तर सकाळचे ऊन चढल्यावर.